वाटून ठेवलेली जीप

सूर्यभानानं मेंढरं विकून जुनी डिझेल जीप घेतली खरी, पण डोकं मेंढक्याचंच राहिलं. दिवसभर गंगापूरच्या सीटा भरायच्या आणि सांजच्याला गारखेड्यात दारापुढं जीप लावून तिच्याभोवती घुटमळत बसायचं. त्याची बायको दगडाबाई विचारायची, "चारा टाकू का तिला?"

त्यात वाळूजला कंपन्या आल्या, भंगाराला भाव आला आणि उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या, स्टेपन्या गायब व्हायला लागल्या. मागच्या गल्लीतली कारभारीची जीप तर पार बोडकी झाली. झालं! सूर्यभानाची झोपच उडाली.

त्याचा बाप लांडग्याच्या भ्यानं मेंढरं भावाभावांच्या वाड्यांत वाटून ठेवायचा. सूर्यभानानं जीप वाटली. स्टेपनी चुलत्याकडं, हॉर्न मावशीकडं, आरसे ज्वारीच्या कणगीत. आणि उद्या नामांतराचा बंद, धंदा होणार नाही, हे कळल्यावर पठ्ठ्यानं बॅटरी काढली, सायकलला बांधली आणि थेट हर्सूलला मेव्हण्याच्या, मुंजाबाच्या घरी नेऊन ठेवली.

"शेजारी भिकनकडं ठेवायची की," दगडाबाई म्हणाली. "भिंतीला भिंत हाये."

"भिकनकडं? सारखा जीपकडंच बघत असतो त्यो! आज बघतोय, उद्या उचलंल."

भिकन कंपनीत कामाला जाणारा लाजरा माणूस. जीपकडं कोण बघत नव्हतं? पण सूर्यभानाला सांगणार कोण!

बंदच्या दिवशी दुपारी बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला, सरूला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं हाये. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

ना रिक्षा, ना एस.टी. दारात जीप उभी आणि बॅटरी हर्सूलला! दगडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं, तोंड मात्र चालूच राहिलं.

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा! आता मुंजाबाला सांगा, तिकडूनच बटण दाब म्हणावं!"

सूर्यभान मटकन खाली बसला. ते बघून तिला रागही आला आणि पोटात तुटलंही.

भिंतीपलीकडून भिकन धावत आला. "मामा, उठा. डिझेलची गाडी हाये, ढकलली की चालू व्हती. कंपनीतला टेम्पो आमी असाच चालू करतो."

त्यानं गल्लीतली माणसं गोळा केली. सरूला मागं निजवलं, सूर्यभान स्टिअरिंगवर बसला. जीप दोनदा फुसफुसली, मग धडधडायला लागली. भिकन मागच्या फळीला लोंबकळत चढला.

चौकात दगड मांडून पोरं उभी होती. "बंद हाये! गाडी बंद करा!"

दगडाबाईनं डोकं बाहेर काढलं. "करतो की! मग दवाखान्यापत्तर तुमीच ढकला!"

तेवढ्यात सरूचं कण्हणं त्यांच्या कानावर गेलं. पोरांनी भराभरा दगड बाजूला केले आणि एकजण वाट मोकळी करत पुढं पळत सुटला.

दवाखान्यात सूर्यभान लेकीला उचलून आत धावला. ऊन कलल्यावर नर्सनं दगडाबाईच्या हातात नात दिली. लेक सुखरूप होती. सूर्यभान उपरण्यात तोंड घालून हमसून हमसून रडला. दगडाबाईनं त्याला पोटभर रडू दिलं आणि मग विचारलं, "अवं, जीप कुठंय?"

किल्लीसकट, चालू जीप त्यानं रस्त्यात सोडली होती!

दोघं बाहेर आले. जीप तिथंच धडधडत होती. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून भिकन ताठ बसला होता.

"मामा, बंद केली असती तर परत ढकलाया माणसं कुठून आणू? अन् चालू गाडी सोडून जाऊ कसा? पाण्यालाबी उठलो नाय."

सूर्यभानाची मान खाली गेली. त्यानं भिकनचा दंड धरला. "उतर. आधी नात बघ आमची."

"अन् जीप?"

"राहू दे."

तिघं आत निघाले. दगडाबाईनंच दारातून एकदा मागं वळून बघितलं. सूर्यभान वळला नाही.