मुर्रीची फिर्यादी

आम्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी गोंदियाच्या कोर्टात नेलं होतं. मुर्री गावच्या शामकलाबाईंच्या कपाळावरची टाक्यांची खूण मला मागच्या बाकावरूनही दिसत होती. दीर चुन्नीलालनं काठीनं मारलं, ही तक्रार त्यांचीच. साक्ष देताना मात्र त्या म्हणाल्या, "मी पायरीवरून पडली." कोर्टानं त्यांना फितूर ठरवलं.

माझं डोकंच फिरलं. बाहेर गाठून विचारलं, "मावशी, खोटं काऊन बोलल्या?"

"मुर्रीत मले राहाचं हाय. तुले हाय का?"

तेवढ्यात जामिनावर सुटलेला चुन्नीलाल मोटारसायकल घेऊन आला. त्या मागे बसल्या.

"नीट धरून बस वहिनी," तो म्हणाला, "पडशीन."

सरांना अहवाल हवाय. ही काळजी होती की धमकी, हे कोणत्या कलमात शोधू?