अर्धा अर्धा फेरा

त्या घरातला दोघा भावांचा अबोला आता जुन्या खुंटीसारखा झाला होता. भिंतीत ती कधी ठोकली हे कुणी विचारत नव्हते, तिला चुकवून जायची सवय मात्र सगळ्यांच्या खांद्यांना लागली होती. धाकट्याने एकदा थोरल्याचा काचा वाहायचा छोटा ट्रक मागे घेताना फाटकाच्या खांबाला धडकवला, मागे उभ्या बांधलेल्या काचा एका दमात फुटल्या, आणि थोरला चारचौघांत म्हणाला, "फुटक्या हाताचा आहेस तू." धाकटा मुळातच घुम्या; त्याला तेच नाव पडले होते. त्या दिवसापासून तो थोरल्याशी बोललाच नाही. थोरलाही हट्टाला पेटला. मग जे काही सांगायचे ते वहिनीमार्फत.

आज मात्र दोघांना एकाच कामाला बसणे भाग होते. ट्रकच्या पुढच्या चाकांचे शॉकअप गेले होते. जराशा खड्ड्यातही गाडी उसळायची आणि मागे काचांना तडे जायचे. काचेचा व्यापारी स्पष्टच म्हणाला होता, "उद्याचा माल धड पोचला तर ठीक, नाहीतर मी दुसरी गाडी बघतो." गॅरेजवाला चार दिवस गाडी ठेवा म्हणत होता. धाकटा सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता; त्याने नवे शॉकअप आणले, स्प्रिंग दाबायचे दोन शिकंजे मागून आणले, आणि वहिनीला म्हणाला, "त्यांना सांगा, अंगणातच करू."

"अहो, अंगणातच करू म्हणतायत."

"कळलं म्हणावं. बहिरा नाहीये मी."

"भाऊजी, बहिरे नाहीत म्हणे. माझ्या कपाळावर टपालाचा शिक्का तेवढा मारा कुणीतरी."

एका बाजूचा शॉकअप त्याच्याभोवतीच्या जाड स्प्रिंगसह खाली उतरला. दोन ओंडक्यांवर तो आडवा ठेवून दोघे त्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. शॉकअप मोकळा करायचा तर त्याच्या टोकाचा नट काढायला हवा. पण त्या नटाने एवढी मोठी स्प्रिंग दाबून धरलेली असते. म्हणून आधी तिला दोन्ही अंगांनी शिकंजे लावायचे आणि त्यांचे लांब बोल्ट पान्याने आवळत न्यायचे, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग वाकते. वाकलेली स्प्रिंग शिकंज्यातून निसटली, तर समोर हात असो की जबडा, ती विचारत नाही.

वहिनी पायरीवर बसून पाळी सांगत होती. "भाऊजींचा झाला. आता तुमचा. हं, यांचाही झाला. भाऊजी, चला." स्प्रिंगची वेटोळी अनिच्छेने जवळ येत होती. धाकटा खाली मान घालून फिरवत होता. समोर दादाचा श्वास होता, त्याला डिझेलचा आणि घामाचा ओळखीचा वास होता, आणि इतक्या जवळून तो वास येऊन किती काळ लोटला, या विचाराने त्याचे मन उगाचच जड झाले.

"अगं बाई, दूध!" वहिनी उठली आणि आत धावली.

धाकटा थांबला. समोर पाना खणकला. दादाचा फेरा झाला असावा, असे समजून त्याने आपला अर्धा फेरा दिला. पुन्हा खणखण; पुन्हा त्याने फिरवले. विचारणे सोपे होते. झाला का, एवढेच. पण ते दोन शब्द घशापर्यंत येऊन परत फिरत, आणि त्यांच्या ऐवजी हातच पुढे जाई.

मग टिक्कन आवाज झाला.

त्याने मान वर केली. त्याच्या बाजूची वेटोळी एकमेकींना चिकटली होती. दादाच्या बाजूची पंख्यासारखी फाकली होती. सगळी स्प्रिंग दादाकडे पोट काढून वाकली होती, आणि त्या पोटापासून वीतभर अंतरावर, बोल्टकडे वाकून बघणारा दादाचा चेहरा होता. स्प्रिंगला धरून ठेवणारा शिकंज्याचा आकडा दाण्याएवढा सरकला होता.

"वहिनी!" सवयीने तोंडातून तेच निघाले. आतून फक्त भांड्याचा आवाज आला. आकडा आणखी केसभर सरकला.

"दादा."

थोरला जागच्या जागी थिजला.

"दादा, तोंड मागे घे. हळू. हात काढ."

"काय झालं?"

"स्प्रिंग वाकलीय. मी पुढे गेलोय."

"किती?"

"चार-पाच अर्धे. मोजले नाहीत. तू किती फिरवलास?"

"एकही नाही. घाम पुसत पाना नुसता बोल्टवर वाजवत होतो." थोरला मागे सरला. "तुझ्या वहिनीचा निरोप कुठे आला होता?"

क्षणभर दोघांनाही आपापल्या मूर्खपणाचे माप कळले, पण हसायला सवड नव्हती.

"तू दूर हो," धाकटा म्हणाला. "मला माझा बोल्ट ढिला करावाच लागेल. मी बसतो."

"गप. एकटा बसतोय म्हणे." थोरल्याने काचा बांधायचा दोर ओढून घेतला. चेहरा एका अंगाला ठेवून, काच बांधतानाच्या हळुवार बोटांनी, त्याने तो वेटोळ्यांतून ओवला, फिरवला, गाठ मारली. "आता सोड. मी आकड्यावर नजर ठेवतो. आणि बोलत राहा. गिळलास एक शब्द, तर बघ."

"अर्धा."

"हं. हललेला नाही."

"अर्धा."

"थांब... थरथरतोय. हं, बसला. दे पुढचा."

"अर्धा."

स्प्रिंग कण्हली, आणि तिचे पोट हळूहळू आत गेले. चौथ्या अर्ध्या फेऱ्याला ती सरळ झाली. थोरल्याने सरकलेला आकडा पुन्हा नीट बसवला.

जळक्या दुधाचा वास घेऊन वहिनी दारात आली. "सगळं उतू गेलं मेलं. अहो, काय सांगू भाऊजींना?"

"काही नको. त्याला ऐकू येतं."

वहिनी पायरीवर टेकली. खाली पुन्हा सुरुवात झाली होती. माझा झाला. आता माझा. दोर तसाच ठेवून त्यांनी नट काढला, नवा शॉकअप बसवला, आणि दिवस कलायच्या आत ती बाजू गाडीला चढली. थोरल्याने मडगार्डवर सगळा भार टाकून हात काढला. गाडी दबली, एकदा वर आली आणि निमूट उभी राहिली.

"आता दुसरी बाजू," तो म्हणाला. "चल घुम्या, घे शिकंजे. मोठ्याने मोजशील ना?"

"घसा सुकलाय," धाकटा म्हणाला. "एवढं बोलायची सवय नाही."

थोरल्याने आपला पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. मग ओंडक्यांच्या दोन बाजूंनी दोन आवाज आळीपाळीने उठू लागले, आणि आता काही काम न उरलेली वहिनी हात मांडीवर ठेवून ते ऐकत राहिली.