कोपराखाली काही नको

रुपाली गजभिये दारात दिसली की नवजात बाळांच्या कक्षात एकदम भक्तिभाव संचारायचा. एरवी नळ कुठल्या भिंतीला आहे हे आठवायला ज्यांना वेळ लागे, ती मंडळी बेसिनपाशी गर्दी करून हात चोळू लागत. आया सॅनिटायझर अत्तरासारखं लावत. एक शिकाऊ डॉक्टर तर तिला पाहून दोनदा हात धुवायचा आणि मग तेच ओले हात मळक्या अॅप्रनला पुसायचा, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. रुपालीला हसू यायचं, पण हसून चालण्यासारखं तिचं काम नव्हतं. आर्णी रोडवरच्या या धर्मादाय दवाखान्यात कोण हात धुतं, कोण नुसते ओले करतं, सुई कुठल्या डब्यात पडते, मास्क नाकावर आहे की हनुवटीवर, हे पाहत तिला दिवसभर हिंडावं लागे. संसर्ग नियंत्रण सिस्टर असं पदाचं भारदस्त नाव होतं. वॉर्डात मात्र तिला सगळे ‘कॅमेरा’ म्हणत.

बाकी सगळं हळूहळू रुळावर आलं. गाडी अडली ती बांगड्यांपाशी.

नियम साधा होता. बाळाला हात लावणाऱ्याच्या कोपराखाली काही नको. घड्याळ नको, अंगठी नको, दोरा नको, बांगडी नको, कारण त्यांच्या खाली साबण पोचत नाही आणि जंतू मात्र सुखाने नांदतात. पुरुषांनी कुरकुरत घड्याळं काढली, गंडेदोरे सोडले. पण बायका बांगड्यांना हात लावू देईनात. आता यात त्यांना तरी काय बोलायचं? आपल्याकडे बांगडी फुटली असं कोणी तोंडाने म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतात. लग्न झालेल्या बाईचं मोकळं मनगट दिसलं की समोरची आधी नवऱ्याची खुशाली विचारते. कागदावर दोन ओळी टाइप करून हे जाणार होतं थोडंच!

आणि या नकाराचं मूळ होतं कक्षाच्या इनचार्ज, कोकिळाताई ढोले. कक्षात बाळांना ऊब देणारा एकच वॉर्मर होता तेव्हापासून त्या तिथे होत्या. ओंजळीत मावतील एवढी बाळं त्यांनी नळीने दूध पाजून घरी पाठवली होती. नेर गावाकडची माणसं अजून शाळेत जाणारी पोरं घेऊन दवाखान्यात येत आणि ‘या बाईनं तुले वाचवलं, पाया पड’ म्हणत. खुद्द रुपाली नवजात बाळ धरायला त्यांच्याकडूनच शिकली होती. हात कसे धुवावेत तर कोकिळाताईंसारखे, असं ती नव्या मुलींना सांगायची. फक्त त्यांच्या दोन्ही मनगटांवर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नियम आला तेव्हा त्यांनी त्यावर उपाय शोधला. बांगड्या वर सरकवल्या आणि त्यांच्यावरून पांढरी बँडेजपट्टी घट्ट गुंडाळली.

‘‘पाह्य, झाकलं ना? आता दिसते काय कुठं?’’ त्या म्हणाल्या.

ताईंनी केलं ते सगळ्यांनी केलं. उन्हाळ्यात लग्न झालेली नर्स प्रेरणा तर कोपरापर्यंत पट्टी बांधून येऊ लागली, कारण तिचा चुडाच तेवढा होता. बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं, अख्खा स्टाफ एकाच ऑटोतून पडला आहे. पण गंमत एवढ्यावर थांबली नाही. प्रत्येक वेळी हात धुताना ती पट्टी भिजायची आणि दिवसभर ओलीच राहायची. उघडी बांगडी परवडली, एवढी ती ओली पट्टी वाईट. रुपालीने हे पुन्हा पुन्हा सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि पट्ट्या तशाच राहिल्या.

मग कक्षातल्या दोन बाळांना ताप चढला. एक तिथेच सावरलं. दुसऱ्याला नागपूरला हलवावं लागलं, आणि त्याची आई टाके सांभाळत अॅम्ब्युलन्समध्ये चढली तेव्हा कोकिळाताईंनीच तिला हात देऊन वर घेतलं. रुपालीने सगळीकडचे नमुने तपासायला पाठवले होते. बाळाच्या रक्तात जो जंतू निघाला, तोच पट्ट्यांमध्ये निघाला. प्रेरणाच्या आणि कोकिळाताईंच्याही.

दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर कपिल वानखडे चिडले की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. ‘‘सिस्टर, सोमवारी सकाळी मी स्वतः राउंड घेतो,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘त्याआधी तुम्ही बघा आणि मला सांगा. ज्याच्या कोपराखाली काही दिसेल, तो त्या कक्षात राहणार नाही. ओपीडीत बसेल.’’

‘‘कोकिळाताई असल्या तरी?’’

‘‘मला नाव विचारू नका, तुम्ही मला नाव सांगा.’’

झालं. म्हणजे त्या हातांना केसपेपरवर शिक्के मारायला रुपालीनेच पाठवायचं. तिला रडूच यायला लागलं. आणि नाव लपवावं, तर काचेच्या पेटीत निजलेल्या त्या पोरांनी कोणाकडे दाद मागायची?

दुपारी ती कक्षाच्या मागच्या चहाच्या खोलीत गेली. कोकिळाताई डबा खात होत्या, प्रेरणा आणि आया लालीबाई होत्या. रुपालीने तपासणीचं आणि सोमवारचं, काही न लपवता सांगितलं. ताईंच्या हातातला घास हातातच राहिला.

मग लालीबाई पुटपुटली, ‘‘तिले काय जाते सांगाले! तिचे हात तं तसेही रिकामेच हायेत.’’

‘‘लाले, थोबाड बंद कर,’’ कोकिळाताई कडाडल्या. पण कडाडताना त्यांचीही नजर रुपालीच्या मनगटांवर जाऊन आली, आणि रुपालीला लालीबाईच्या बोलण्यापेक्षा ती नजर जास्त लागली.

कारण खरी गोष्ट दवाखान्यात कोणाला ठाऊक नव्हती. रुपालीचा नवरा संघदीप लोहारा गावच्या कारखान्यात कामाला होता. नेरच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली आणि संसार तिथेच थांबला. त्या दिवशी वस्तीतल्या दोन-चार जाणत्या बाया रुपालीचे हात मोकळे करायला पुढे आल्या, तेव्हा सासू मथुराबाई पोराच्या पायाशी बसली होती. ती तिथून उठली आणि मधे येऊन उभी राहिली. ‘‘माहं पोरगं गेलं, ते का कमी झालं? पोरीच्या हाताले कोणी हात लावू नका. ह्या घरात ते होत नसते,’’ म्हणाली. बाया मागे सरल्या. तेव्हापासून रुपाली घरी हिरव्या बांगड्या घालत होती. रोज कामावर निघताना काढायची, परत आली की घालायची. दवाखान्यात तिने हे कधी सांगितलं नाही. कोणी नाकं मुरडली असती, कोणी डोळ्यांत पाणी आणून कौतुक केलं असतं, आणि तिला दोन्ही नको होतं. ती तिची आणि तिच्या सासूची गोष्ट होती.

रविवारी नागपूरहून निरोप आला की बाळाचा ताप उतरणीला लागला. रुपालीला हायसं वाटलं, पण सोमवार काही टळला नाही. संध्याकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना तिने सगळं मथुराबाईला सांगितलं.

मथुराबाईने शेंग सोलणं थांबवलं नाही. ‘‘मंग सांगून टाक ना. काहून लपवतं? चोरी केली काय आपुन?’’

‘‘लोकं बोलतीन, माय.’’

‘‘बोलतीन. त्या दिवशी का नाही बोलले? बोलले, घरी गेले, जेवले.’’

सोमवारी रुपाली बांगड्या घालूनच घरातून निघाली. स्कूटीवरून येताना तिला सारखं वाटत होतं, रस्त्यावरचा जो तो आपल्या हातांकडे पाहतो आहे. बघत कोणीच नव्हतं, सगळ्यांना आपापली घाई होती. कक्षात शिरली तेव्हा लालीबाई फरशी पुसत होती. तिचा पोछा मधेच थांबला. प्रेरणा बाळाची चादर बदलता बदलता वळली आणि पाहतच राहिली.

रुपाली सरळ बेसिनपाशी गेली आणि एकेक बांगडी काढून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवू लागली. काच स्टीलवर वाजायची तेवढाच काय तो आवाज.

‘‘मॅडम, तुम्ही घालता?’’ प्रेरणाच्या तोंडून निघून गेलं.

‘‘रोज घालतो, रोज काढतो. घरी काढत होती, आज इथं काढून राह्यली.’’

एवढंच. त्यावर भाषण तिने दिलं नाही, ते बरं केलं. प्रेरणा पट्टी सोडायला लागली. चुडा तिने रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवला. लालीबाई खाली मान घालून फरशीचा एकच तुकडा घासत बसली.

कोकिळाताईंनी मात्र पट्टीला हात लावला नाही. त्यांनी रुपालीला दंडाला धरून साठवणीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

‘‘मले लाजवाले आली काय व तू?’’

‘‘नाही ताई. साहेब येतीन आता. तुमचं नाव सांगाची वेळ माह्यावर आणू नका, एवढंच म्हणाले आली.’’

ताई दुधाच्या पावडरच्या खोक्यावर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज कक्षाच्या इनचार्जचा नव्हता.

‘‘माह्या मालकायले हार्टचे दोन झटके येऊन गेले, तुले माहीत हाये. दोन्ही खेपेले मी इथंच होती. आत्याबाई, माही सासू, म्हनत, तुह्या बांगड्याच्या बळावर वापस आला तो. मी नर्स हाओ, रुपाली. मले सारं समजते. त्या पट्टीत काय असते, तेही समजते. त्या पोराले गाडीत चढवलं तवापासून मले घास जात नाही. पन बांगडीले हात लावला का जीव असा खाली जाते. समज मी काढल्या अन् तिकडं घरी काही झालं तं?’’

रुपालीने तोंडापर्यंत आलेलं नियमाचं वाक्य गिळलं. मग ती ताईंच्या पुढ्यात खाली फरशीवर बसली.

‘‘ताई, संघदीप गेला त्या दिवशी माहे हात भरेल होते. आदल्या बाजाराले त्यानंच नेलं होतं कासाराकडं, नव्या भरल्या होत्या. ट्रकनं उडवलं तवा मी घरी पोळ्या करत होती. एक बांगडी तडकली नाही, ताई. एकही नाही.’’

कोकिळाताईंनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बरोबर काम करून, त्या दिवसाबद्दल आपण हिला कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठल्या.

बेसिनपाशी जाऊन त्यांनी पट्टी सोडली. खालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. बांगड्या सहज निघेनात, हात भरून कित्येक वर्षं झाली होती आणि बोटांचे सांधे आता जाड झाले होते. रुपालीने साबणाचा फेस केला, ताईंचा तळवा आपल्या तळव्यात दाबून लहान केला आणि कासारीण घालते तितक्याच हळुवारपणे एकेक बांगडी बाहेर काढली. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. एकही फुटू नये म्हणून दोघींनी श्वास रोखून धरला होता, आणि एकही फुटली नाही.

बाहेर डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला. ताईंनी खळखळून हात धुतले, कोरडे केले आणि कक्षाकडे वळल्या. दारात मात्र त्यांचे पाय अडले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

‘‘हॅलो, आयकता काय?’’

पलीकडे त्यांचे यजमान घनश्यामराव खणखणीत आवाजात करवादले, भाजीत मीठ नाही, हे काय बिमारायचं जेवन लावलं मागं, अन् सकाळी सकाळी फोन कायले केला?

‘‘काही नाही,’’ कोकिळाताई म्हणाल्या. ‘‘असाच केला. जेवा तुमी.’’

फोन ठेवून त्या क्षणभर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग फोनला हात लागला म्हणून बेसिनपाशी परत आल्या आणि नळ सोडून कोपरापर्यंत पुन्हा हात धुऊ लागल्या.