गौरम्माचं ताट

मी शिवलिंग, अहमदपूरचा रिटायर मास्तर. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता घरातल्या पुढच्या खोलीत शिकवतो. माझी एक पद्धत आहे. फळ्यावर शब्द लिहायचा, अर्थ सांगायचा आणि मग प्रत्येकानं त्यावर वाक्य करायचं. पण वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. गाईडातलं राजा-राणीचं वाक्य उचललेलं दिसलं की माझं टाळकं फिरतं. ‘तुझ्या घरी राजा राहतो का रे?’ असं तोंडावर विचारतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

जानेवारीतल्या त्या सकाळी शब्द होता ऑब्लिव्हियस. मी रंगात आलो होतो. “अनअवेअर म्हणजे माहीत नसणं,” मी म्हणालो. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुमच्यापुढं काही आलंच नाही, तर तुमचा काय दोष? ऑब्लिव्हियसचं तसं नाही. गोष्ट डोळ्यांपुढं आहे, पण गडी आपल्याच नादात. कानाशी हलगी वाजली तरी याला पत्ता नाही.” पोरं हसली. मग मी वह्या गोळा केल्या.

त्यात बुद्धप्रियाची वही होती. ही तिशीतली बाई, सरकारी दवाखान्यात नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, म्हणून आठवड्यातून तीनदा रात्रपाळी संपवून थेट क्लासला यायची. क्लास सुटला की आत जाऊन गौरम्माच्या हातचा चहा घ्यायची. गौरम्मा म्हणजे माझी बायको, माहेर उदगीरकडचं. बुद्धप्रियानं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सर रोज साडेनऊला जेवतात. मॅडम जेवत नाहीत, याचं सरांना भान नाही.’

मी लाल पेनानं त्या वाक्यावर काट मारली. सगळी गेल्यावर तिला थांबवलं आणि म्हणालो, “माझ्या घरात नाक खुपसायचं तुला काय काम?”

ती खाली बघत म्हणाली, “बघितलेलंच लिहिलं, सर. मी काकूंना तीनदा म्हणाले, दवाखान्यात चला. त्या म्हणाल्या, सरांना सांगू नको. शब्द दिला होता, म्हणून सांगितलं नाही. लिहिलं.”

साडेनऊला मी जेवायला बसलो. आमच्याकडची रीत अशी, की माझं जेवण होईस्तोवर गौरम्मा घास घेत नाही. माझ्या आईनं घेतला नाही, तिच्या आईनं घेतला नाही. मी हात धुतला की पेपर घेऊन पुढच्या खोलीत. मागं ती काय खाते, किती खाते, हे मी सदतीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. दुपारी मोरीत दोन ओली ताटं पालथी दिसायची. जेवली म्हणायची, विषय संपला.

त्या दिवशी मी हात धुतला आणि परत येऊन तिथंच बसलो. म्हणालो, “आता तू बस.”

“बसते की मागून. तुमी जावा पेपर वाचत.”

“बस म्हणतोय ना.”

मीच तिच्या ताटात अर्धी भाकरी चुरली, वर वरण ओतलं. तिनं शेंगदाण्याएवढा घास घेतला. चावत राहिली, चावत राहिली. मग गिळला आणि छातीवर हात ठेवून डोळे मिटले. थोड्या वेळानं तो घास तसाच परत पदरात आला. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. त्या काल-परवा घसरल्या नसणार, एवढं मलाही कळलं.

“आणि ते रोजचं धुतलेलं ताट?” मी विचारलं.

“कोरडंच भिजवून पालथं घालत व्हते,” ती म्हणाली. “तुमाला कळलं तर क्लास बंद करून बसला असता. पोरांची बारावी हाय.”

दुसऱ्या दिवशी तिला लातूरला नेलं. घशातून दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टरांनी मला विचारलं, गिळायला त्रास कधीपासून? वजन किती उतरलं? सध्या काय खातात? समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देणारा माणूस मी. तिन्ही वेळा ‘माहीत नाही’ म्हणालो. शेवटी स्टुलावर बसलेली गौरम्माच म्हणाली, “पोळ्यापासून. आधी भाकरी आडकायची, मग भात. दिवाळीपासून दूध न् पेज.”

मग डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती. दिवाळीच्या आत आला असता तर ऑपरेशन करता आलं असतं, म्हणाले. आता फक्त शेक, म्हणजे रेडिएशन, आणि औषधं. किती महिने मिळतील, ते सांगता येत नाही.

मी बाकड्यावर बसलो आणि, खोटं कशाला बोलू, स्वतःची वकिली करायला लागलो. तिनं लपवलं. ताट भिजवून ठेवलं. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी अनअवेअर, माझा काय दोष? त्या शब्दानं मला थोडा वेळ बरंही वाटलं.

संध्याकाळी बुद्धप्रिया सुट्टी काढून एसटीनं आली. मी तिलाही तेच सांगितलं. “तिनंच लपवलं गं.”

“हाव सर,” ती म्हणाली. “माझ्यापासून पण लपवलं होतं. आणि मी तर चहापुरती दहा मिनिटं यायचे.”

तिथंच बाकड्यावर मला रडू फुटलं, लोक बघत होते तरी आवरलं नाही. “तुझं वाक्य बरोबर होतं,” मी तिला म्हणालो. “काट मी चुकीची मारली.”

आता गौरम्मा घरी आहे. नाकातून नळी घातलीय. दिवसातून सहा वेळा मी त्यातून पातळ पेज सोडतो, हळूहळू, बुद्धप्रियानं शिकवलं तसं. घरातली रीत मी उलटी केली. आधी तिचं होतं, मग मी बसतो, तिच्या बाजेसमोरच. स्वयंपाक मीच करतो, जमेल तसा.

काल वरणभाताचा पहिला घास घेतला, तर ती बारीक आवाजात म्हणाली, “मीठ जास्त पडलं न्हवं?”

तिनं वरण चाखलं नव्हतं. चाखणार कशी? “तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“तुमच्या तोंडावरून,” ती म्हणाली. “सदतीस वर्सं तेच तर बघत आले.”

मी ताट खाली ठेवायला लागलो, तर तिनं हातानंच खूण केली, जेवा. मी जेवलो. माझा शेवटचा घास होईपर्यंत ती बघत होती.