सिग्नलची भरपाई

बारा वर्षांपूर्वी ताईचा तक्ता कोर्टाने उचलून धरला, तेव्हा घरात केवढं कौतुक झालं होतं! अपघातात माणूस गेला तर भरपाई किती द्यायची, याचा आधी नुसता सावळागोंधळ होता. एका न्यायाधीशाला पाझर फुटायचा, दुसऱ्याला नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या ताईने सरळ रीत घालून दिली. माणूस पुढे किती कमावणार होता ते धरा, त्याच्या स्वतःवर होणारा खर्च वजा करा, उरेल ती घरच्यांची भरपाई. ताईला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तिचा धाकटा भाऊ मात्र कुठल्याच रीतीत बसणारा नव्हता. चाळिशी उलटली तरी समज सहा-सात वर्षांच्या पोराची. घरासमोरच्या गोदामात ट्रक मागे येऊ लागला की स्वारी फाटकापाशी हजर. "येऊ द्या, येऊ द्या... बास!" कुणी नेमलं नव्हतं, कुणी दमडी दिली नव्हती. ड्रायव्हर त्याला सिग्नल म्हणायचे आणि त्याच्या "बास"वर इमानाने ब्रेक मारायचे. एका दुपारी नवा ड्रायव्हर आला. त्याला सिग्नल ठाऊक नव्हता, आणि ट्रक मागे येताना वाजायला हवा तो भोंगा गोदामाच्या मालकाने आपल्या ट्रकांना बसवलेलाच नव्हता.

आई कोर्टात गेली ती पैशांसाठी नाही. "माझा मुलगा गेला, हे नुकसान झालं, असं एकदा त्यांनी म्हणू दे. बास," ती म्हणाली.

"आई, नको जाऊस," ताईने विनवलं. का, ते सांगायची तिची छाती झाली नाही.

गोदामाचा वकील दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्या भल्या माणसाने खालच्या आवाजात ताईचाच तक्ता वाचला. कमाई शून्य. जेवण, कपडे, औषधं वजा. "उत्तर उणे येतं," तो ओशाळून म्हणाला.

न्यायाधीशांनी ताईला उभं केलं. "आकडेमोड बरोबर आहे?"

"बरोबर आहे. तक्ता चुकलाय, साहेब. माझा भाऊ गेल्यावर मालकाला एक पैसा पडणार नसेल, तर तो भोंगा कशाला बसवेल?"

"हे कायदा करणाऱ्यांना सांगा. आज मला आहे तोच तक्ता लावावा लागेल."

दावा फेटाळला गेला. बाहेर जिन्यापाशी आईने विचारलं, "उणे म्हणजे काय गं?"

वर्गात शंभर वेळा सांगितलेली गोष्ट आज ताईच्या जिभेवर येईना. "म्हणजे... त्याच्याकडून घरात काही येत नव्हतं. त्याच्यावर खर्च व्हायचा, तो आता वाचतो."

"वाचतो?" आई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, मी त्याला वाढायचे. त्याची नखं कापायचे, डोकं पुसायचे. या वयात मला दुसरं काय मिळत होतं? आणि तू तेच वजा केलंस?"

"हो, आई."

आईने ताईच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली आणि कठड्याला धरून एकटीच जिना उतरू लागली.