काकवीचा वास

कोडोलीत भरमाप्पांच्या दारात सकाळपासून रांग लागायची. आत पाळण्यात दहा महिन्यांचा शिवांश निपचित पडलेला, अन् त्याच्या अंगाला ताज्या काकवीचा वास.

“हुंगा पावणं, हुंगा! गुऱ्हाळ न्हाय, ऊस न्हाय, तरी गोडवा! देव हाय की त्यो!” पाळण्याशेजारी बसून गावचे ज्ञानू महाराज ओरडायचे. पोर डोळे उघडत नसे, ती समाधी. मान धरत नसे, ते वैराग्य. प्रत्येक भक्त त्याला चमचाभर दूध पाजून पाया पडायचा.

त्याची आई विद्याश्री कोपऱ्यात उभी असायची. तिची पहिली मुलगी बाराव्या दिवशी गेली होती. तिलाही हाच वास यायचा.

“मामा, दवाखान्यात नेऊया,” तिनं सासऱ्यांना विनवलं.

“देवाला दवाखाना?” भरमाप्पा गरजले. नवरा सोमेश खाली बघत राहिला.

पुढच्या दारात माणसं, मागच्या परड्यात माणसं. स्वतःच्या पोराला घेऊन ती उंबऱ्याबाहेर पडू शकत नव्हती.

पोलिओचा रविवार आला तेव्हा ती म्हणाली, “डोस न्हाय पाजला तर सरकारी माणसं घरात येत्यात.” महाराजांना सरकारी माणूस घरात नको होता. सोमेशला सोबत देऊन त्यांनी तिला धाडलं.

डोस पाजणाऱ्या डॉक्टर वर्षाराणींनी बाळाला हुंगलं अन् त्या थबकल्या. पहिल्या मुलीचं ऐकलं. “नवरा-बायको नात्यातले?”

“व्हय, हे माझ्या आत्तीचं ल्योक.”

“आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला चला.”

“आबा जित्तं सोडायचं न्हाईत,” सोमेश पुटपुटला.

“मग तुमी जावा घरी. मी न्हाय येत.”

विद्याश्री डॉक्टरांच्या जीपमध्ये बसली. सोमेश क्षणभर घुटमळला अन् मागोमाग चढला.

टाचेतलं रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत गेलं. इकडे डॉक्टरांनी दूध बंद करून सलाईन लावलं. सहा दिवसांनी रिपोर्ट आला : रक्तात ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल नेहमीच्या दहापट. तोवर शिवांशनं डोळे उघडले होते, अन् वास गेला होता.

सोमेशला बाळाजवळ ठेवून विद्याश्री डॉक्टरांसह घरी आली. बघते तर रांग तशीच! रिकाम्या पाळण्यालाही वास येत होता.

“देव गेला, सुगंध ठेवून गेला!” महाराज सांगत होते.

तिनं सरळ जाऊन गादी उचलली. खाली काकवीनं चिंब फडकं.

“देव दवाखान्यात हाय,” ती म्हणाली. “मग ह्यो वास कुणाचा वो महाराज?”

महाराज हळूच मागच्या दाराकडे सरकले.

“पाळण्यातली काकवी महाराजांची, पण बाळाचा वास खरा होता,” डॉक्टर म्हणाल्या. “दुधातल्या प्रथिनांपासून अमिनो आम्लं होतात. त्यातली तीन बाळाच्या शरीराला मोडता येत नाहीत. ती रक्तात साठतात, मेंदूला गुंगी आणतात आणि घामा-लघवीला असा वास येतो. तुम्ही भक्तीनं पाजलेला प्रत्येक चमचा त्याला विष होत होता. आता जन्मभर मोजूनमापून खायला द्यायचं, रक्त तपासत राहायचं. मान उशिरा धरेल, पण जगेल.”

भरमाप्पा पुढे आले. “मग आमची थोरली नात?”

“तिचं रक्त कुणी तपासलंच नाही, आजोबा.”

भरमाप्पा रांगेकडे वळून म्हणाले, “जावा आता घरी. आन् कुणाच्या पोराला आसला वास आला, तर पाया पडू नगासा. रक्त तपासा.”