लेई ऱ्हायना

दिपालीने तेच वाक्य सातव्यांदा वाजवलं.

"बाप श्वास लेई ऱ्हायना."

पडद्यावर डावीकडे लाल पट्टी उमटली: श्वास बंद. उजवीकडे हिरवी: श्वास चालू.

नंदुरबारच्या धर्मादाय रुग्णवाहिका केंद्रात आज संध्याकाळी पाचपासून फोन यंत्र ऐकणार होतं, आणि गाडी आधी कुठे धाडायची तेही यंत्रच ठरवणार होतं; ते बसवायचं काम दिपालीचं. बोलणं समजून घेणारी सॉफ्टवेअर लायब्ररी मुक्त स्रोत, म्हणजे फुकट. तिच्या अधिकृत आवृत्तीला अहिराणी येत नव्हती. येत होती ती अजून पक्क्या न झालेल्या दोन आवृत्त्यांना, उजवीकडची चाचणीतली बीटा तीन आणि डावीकडची जवळजवळ अंतिम आरसी एक. दोन्हींखाली टीप एकच: वापरा, जबाबदारी तुमची. त्यातलं 'तुमची' सकाळपासून दिपालीला टोचत होतं.

"आरसी घ्या," व्यवस्थापक हेमराज म्हणाला. "गाडीलाही आरसी लागतेच."

"सर, अहिराणीत 'लेई ऱ्हायना' म्हणजे घेतोय. ही त्यातला 'ना' ऐकते आणि माणूस मारते. श्वास घेणारा प्रत्येक जण हिच्या लेखी गेलेला. आपल्या गाड्या दोन, त्यातली एक धडगावच्या घाटात."

"मग बीटा."

"बीटाला कळतंय बरोबर."

"मग दाबा की."

दिपालीचं बोट माऊसवर होतं. आपण काहीतरी विसरतोय, पण काय ते आठवत नव्हतं, म्हणून ते खाली जात नव्हतं.

पलीकडे आज निवृत्त होणाऱ्या रंजनाबाई शेवटच्या दिवसाचे फोन घेत होत्या. टेबलावर शाल-श्रीफळ तयार होतं. पाचला वीस मिनिटं असताना फोन आला. बीटाही ऐकत होती.

"रनाळ्याहून बोलतेय. आबा, माझे सासरे... श्वास लेई राहिना."

हिरवी पट्टी. श्वास चालू.

दिपालीने सुस्कारा सोडला. रंजनाबाईंनी मात्र पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बेटा, तुन्हं माहेर कोठलं?"

हेमराजने कपाळाला हात लावला.

"सातारा."

"आबांची छाती हलतेय का?"

"नाही हो."

रंजनाबाईंनी लाल बटण दाबलं. गाडी सुटली. "दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेव. दाब. तू मोजू नको, मी मोजते."

त्या मोजत राहिल्या. दिपालीच्या ओठांवरही आकडे होते, आवाज नव्हता. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत हिरवीच राहिली.

अकरा मिनिटांनी गाडीतून निरोप आला. आबांचा श्वास सुरू झाला होता.

"'लेई' सासरचं शे," रंजनाबाई कानावरचा हेडफोन काढत म्हणाल्या, "'राहिना' माहेरचं, म्हणजे नाहीच. घाबरलं म्हणजे माणूस माहेरनं बोलस." मग शांतपणे, "तुन्ही पेटी माहेर इचारस का वं?"

दिपालीने पडद्यावरची बीटा बंद केली. पाच वाजले. हेमराज हार घेऊन आला.

"कुठली बसवली शेवटी?"

"जुनीच."

"किती जुनी?"

"अठ्ठावन्न वर्षांची."

हेमराजने हाराकडे पाहिलं, मग दाराकडे. रंजनाबाई नारळ काखोटीला मारून चपला घालत होत्या. एक घालून झाली होती.

फोन वाजला.